बाळाचा घोट

पडद्यावरच्या बाईनं पत्र्याचा डबा तोंडाला लावला आणि ‘गटक’ असा आवाज दिवाणखान्यात एवढ्यानं घुमला, की सोफ्याच्या कडेला अंग चोरून बसलेल्या आईच्या काळजात चर्र झालं!

लेकीनं रिमोट दाबला. चित्र जागच्या जागी थांबलं... सगळीकडे पाणीच पाणी, मधोमध एक एवढीशी होडी, डबा उंचावलेली बाई आणि तिच्या गळ्याकडे टक लावून बघणारी, ओठ फुटलेली एक पोर.

“असंच झालं होतं ना, आई?”

आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“हो गं... असंच.”

“दोन घोट तुझे. एक माझा.”

“हो.”

लेक सिनेमे काढायची. समुद्रात भरकटलेल्या मायलेकींचा हा तिचा पहिलाच मोठा सिनेमा, आणि येत्या शुक्रवारी तो थिएटरांत लागणार होता. त्याआधी आईनं बघावा म्हणून तिनं मुद्दाम बोलावणं धाडलं होतं. आणि आई बिचारी किती हरखली होती! इतक्या वर्षांनी लेकीनं आपणहून बोलावलं! किनाऱ्यावरच्या खोलीला कुलूप घालताना, फाटकी जाळी दुरुस्तीला घेऊन आलेल्या मच्छीमारांना तिनं तोऱ्यात ऐकवलं होतं, “लेकीनं बोलावलंय मला. मी येईपर्यंत मासे पळाले तर पळू द्या!” कशासाठी बोलावलंय, ते तिला आत्ता कळलं.

“एकदा तरी सांग ना!” लेकीचा आवाज कापरा झाला. “तो तर तुझ्या पोटात होता, अजून जन्मलाही नव्हता. मी होते तुझ्या मांडीवर! जिवंत... हातापायांची! आणि माझ्या वाटचं पाणी तू त्याला पाजलंस! मी एवढी नकोशी झाले होते का गं तुला?”

आईचे ओठ हलले. शब्द अगदी दातांपाशी आले... सांगून टाकावं का? एका वाक्याचं तर काम! पण लेकीच्या त्या रडवेल्या चेहऱ्यात तिला तेव्हाची फुटक्या ओठांची पोर दिसली आणि तिनं आजवर हजारदा केलं तेच केलं. शब्द मागे लोटले.

“सिनेमा छान झालाय हं,” ती म्हणाली. “त्या बाईनं होडीत तोल कसा सांभाळायचा, ते बरोबर शिकून घेतलंय.”

लेकीनं रिमोट सोफ्यावर भिरकावला आणि ती आत निघून गेली. पडद्यावरची पोर मात्र आईकडे बघत राहिली.

तेव्हा लेक आताच्या खारूएवढी होती. खारू म्हणजे नात. तिच्या गालात सदा काहीतरी कोंबलेलं असायचं, म्हणून खारीवरून पडलेलं हे नाव. आईचा नवरा समोरच्या बेटावरच्या दीपगृहाचा राखणदार होता, आणि त्याला सामान पोचवायला आई छोट्या इंजिनाच्या होडीनं जायची. पोटात दुसरा जीव वाढत होता. शेजारणी म्हणाल्या, धुकं आहे, आज राहू दे. पण ऐकेल तर ती आई कसली! जाताना सगळं नीट झालं. येताना मात्र भर पाण्यात इंजिनानं मान टाकली, प्रवाहाच्या ओढीनं होडी लांब लांब नेली आणि धुकं विरलं तेव्हा किनारा कुठल्याच बाजूला नव्हता.

होडीत पिण्याच्या पाण्याचा एकच डबा होता, तोही अर्धा. आईनं तो पोरीपुढे धरला, तर पोरीनं तोंड फिरवलं.

“आधी तू! बाळाला तहान लागली असेल.”

किती समजावलं, दटावलं... पोर इरेला पेटली होती. बाळ प्यायल्याशिवाय ताई कशी पिणार? शेवटी आईनं डबा उचलला, ओठ घट्ट मिटून पत्र्याला लावले आणि आवाज होईल असा कोरडा आवंढा गिळला. “हा माझा घोट.” पुन्हा एकदा. “आणि हा बाळाचा. आता तुझा!” पोर खुदकन हसली आणि प्यायली.

प्रत्येक वेळी असंच. आई पहाटे ताडपत्रीवर साचलेलं दव चाटायची, पोर झोपली की ओला फडका ओठांवरून फिरवायची. डब्यातलं पाणी मात्र तिनं पोरीसाठीच राखलं. मग कधीतरी पोरीचं ते हसू मावळलं. ती घोट मोजू लागली. आईचे दोन, माझा एक... डबा हाती येताच हिसकावू लागली! त्या चिमुकल्या डोळ्यांतला राग आईला दिसला नव्हता असं नाही. उलट तिला हायसंच वाटलं होतं. हिसकावण्याएवढी ताकद आहे, म्हणजे पोर तग धरेल!

एका मासेमारी बोटीनं त्यांना उचललं तेव्हा पोर रडत होती आणि आई रडण्याच्याही पलीकडे गेली होती. इस्पितळात पोटातलं बाळ गेलं. मुलगा होता. दुसऱ्या दिवशी पोर खाटेशी येऊन उभी राहिली.

“तू तर त्याचा घोट प्यायचीस ना? मग तो कसा मेला?”

खरं सांगायचं, तर त्या कोवळ्या मनाला जन्मभर एकच टोचणी... भावाच्या वाटचं पाणी मी प्यायले! नाही, नाही! त्यापेक्षा आईच वाईट ठरलेली बरी.

“मला जपता आलं नाही गं,” ती एवढंच बोलली होती. पोरीनं तोंड फिरवलं. नवऱ्यानंही मरेपर्यंत तेच वाक्य तिच्या तोंडावर मारलं. मोठी झाली की पोर विसरेल, असं आईला वाटायचं. आणि पोरीनं तर त्याचा सिनेमा केला!

सकाळी आईनं पिशवी भरली. लेकीच्या शुक्रवारी आपलं तोंड इथे नको, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. पण खारूचं पहाटेपासून पोट बिघडलं होतं. उलट्यांनी पोर पार गळून गेली, गाल खपाटीला गेले. डॉक्टर येऊन बजावून गेले होते, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पोटात गेलंच पाहिजे. नाही गेलं, तर संध्याकाळी इस्पितळात भरती करा.

लेकीनं लाडीगोडी लावली, डोळे वटारले, शेवटी हात जोडले. नटनट्यांच्या डोळ्यांतून हवं तेव्हा पाणी काढणारी ही बाई, पण एवढ्याशा पोरीच्या तोंडात तिला घोटभर घालता येईना! खारूनं ओठ असे शिवून घेतले होते की विचारू नका.

“तू जरा तोंड धुऊन ये,” आईनं पिशवी खाली ठेवली. “मी बघते.”

खारूचा पेला काचेचा होता, त्यावर निळा मासा रंगवलेला. पाणी माशाच्या डोळ्याच्या वरपर्यंत भरलेलं होतं.

“पी गं माझी खारूताई.”

“आधी तू!”

तेच दोन शब्द... तस्साच हट्टी स्वर! खरं तर आता काही अडलं नव्हतं. स्वयंपाकघरात पाण्याचे हंडे भरलेले होते, हवं तेवढं पाणी पुन्हा करता आलं असतं. पण हाताला जे ठाऊक होतं, ते हात करून गेला. ओठ मिटून काठाला लागले आणि गळा हलला... गटक!

“हा माझा घोट. आता तुझा.”

दारात टॉवेल घेऊन आलेली लेक जागीच थबकली. हा आवाज! याच आवाजानं तिला लहानपणी झोपेतून दचकून उठवलं होतं. हाच आवाज हुबेहूब मिळावा म्हणून स्टुडिओतल्या माणसाला तिनं वैताग येईस्तोवर राबवलं होतं!

पण खारू काही आपल्या आईसारखी भोळी नव्हती.

“खोटं! आजी, तू प्यायलीच नाहीस!”

“प्याले की गं! आवाज नाही का आला?”

“आवाजच आला नुसता! माशाचा डोळा बघ ना, अजून पाण्यातच आहे!” आणि आजीची चोरी पकडल्याच्या आनंदात ती आजारी पोर चक्क हसली. “असं नाही प्यायचं आजी, असं प्यायचं!” म्हणत तिनं पेला ओढून घेतला आणि आजीला शिकवण्यासाठी दोन घोट घेतलेसुद्धा.

मागे टॉवेल गळून पडला. आईनं वळून पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक झाला. लेक येऊन तिच्या पायांशी बसली. ती मघाच्या पेल्याकडे नाही, आईच्या गळ्याकडे बघत होती.

“तेव्हाही...? आई, डब्यातलं पाणी...?”

“काहीतरीच काय! पोरीला पाणी पाजायचं असलं की सगळ्याच आया असं—”

“माझ्याकडे बघून सांग.”

आईला बघता येईना. इतकी वर्षं बांधून घातलेलं सगळं एका क्षणात सुटलं आणि ती तोंडात पदर कोंबून हमसून हमसून रडू लागली.

“एकही घोट नाही?” लेकीनं तिचे खरबरीत हात घट्ट धरले. “एकसुद्धा? म्हणजे तो... तो माझ्यामुळे...”

“खबरदार!” आई अशी कडाडली, की खारूनं दचकून पेला छातीशी धरला. “हेच! हेच तुझ्या तोंडून ऐकायला लागू नये म्हणून जन्मभर गप्प बसले मी! तू तर त्याच्यासाठी माझ्याशी भांडत होतीस गं... आधी बाळाला दे म्हणून! ठरवलं ते मी. पोटातला दिसत नव्हता, तू डोळ्यांसमोर सुकत होतीस. माझी दोन्ही लेकरं, आणि पाणी एकापुरतं... तुझ्यावर त्या दोषाचा एक थेंबही नाही, कळलं?”

“आणि मी तुला... सगळ्या जगासमोर...” लेकीनं आईच्या मांडीत डोकं खुपसलं आणि होडीतल्या त्या पोरीसारखी ती ओक्साबोक्शी रडली. आई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. कितीतरी वर्षांत लेकीनं तिला असं जवळ येऊ दिलं नव्हतं.

“सिनेमा थांबवते मी,” डोळे पुसत लेक म्हणाली.

“वेडी का तू? एवढ्या लोकांनी घाम गाळलाय त्यासाठी!”

“मग शुक्रवार पुढे ढकलते. तो आवाज तसाच राहू दे. त्याच्यानंतर फक्त डब्याच्या आत काय आहे, तेवढं दाखवते.”

खारूनं रिकामा पेला पुढे केला. “मी सगळं प्यायले! आता आजीला द्या. ती मघाशी फसवून गेली.”

लेक उठली. तिनं पेला विसळला, साधं पाणी काठोकाठ भरलं आणि आईसमोर धरला.

“तू पण घे ना,” आई सवयीनं म्हणाली. “किती रडलीस, घसा सुकला असेल.”

“आधी तू.”

आईनं पेला तोंडाला लावला. समोर दोघी मायलेकी डोळ्यांत तेल घालून माशावर नजर ठेवून बसल्या होत्या. घोटामागून घोट गेला. माशाचा डोळा उघडा पडला, मग पोट, मग शेपटी... आईनं रिकामा पेला त्यांच्यासमोर उलटा करून दाखवला, तेव्हा कुठे लेकीनं स्वतःसाठी दुसरा पेला भरून घेतला.