शिडाच्या बोटीवरचा फ्रिज

विश्वास ठेवाच, असा माझा आग्रह नाही. पण हे माझ्याच बाबतीत घडलंय आणि यातला एकही आकडा मी फुगवलेला नाही.

मी फ्रिज दुरुस्त करतो. सव्वीस वर्षं झाली. भुताखेतांवर बोलायला मला कधी फुरसत मिळाली नाही.

मंगळवार होता. दुपारचे साडेबारा. धक्क्याच्या अगदी शेवटी एक जुनी शिडाची बोट बांधलेली होती. मालक सत्तरीचे, निवृत्त, बोटीवर एकटेच राहणारे. मी त्यांना काका म्हणत होतो, ते मला मिस्त्री.

"फ्रिज थांबतच नाही, मिस्त्री. दिवसरात्र चालतो. सकाळपर्यंत बॅटरी झोपते."

बोटीवरचा फ्रिज म्हणजे घरच्यासारखं कपाट नसतं. ओट्याच्या आत एक खोल खोका, वरून उचलायचं झाकण. कॉम्प्रेसर बाकाखाली. धडधाकट असेल तर वीस मिनिटं चालतो, मग निवांत बसतो.

हा बसतच नव्हता.

मी सगळं तपासलं. झाकणाच्या रबरात कागद अडकवून ओढून पाहिला. घट्ट. मागची जाळी स्वच्छ. पंखा ठीक. गॅस पुरेसा. खोक्याच्या भिंती कोरड्या.

दोष काही सापडेना.

मग मी तापमान नोंदवणारं छोटं यंत्र खोक्यात टांगलं. गारवा कमी-जास्त करायचं बटण तीनवर ठेवलं, रात्रभर पुरावी म्हणून माझी एक बॅटरी जोडली. काकांना म्हटलं, आजची रात्र लेकीकडे जा, बोटीला कुलूप लावतो. किल्ली मी खिशात टाकली.

बुधवारी सकाळी दहाला कुलूप उघडलं. कॉम्प्रेसर घरघरत होता.

यंत्रातली नोंद पाहिली आणि मी बाकावर बसलो.

तापमान चारवर यायचं... आणि एकदम अकरावर चढायचं. पुन्हा चार. पुन्हा अकरा. कुणी झाकण उघडून आत काहीतरी कोमट धरून ठेवावं, तसं.

रात्रभरात एकतीस वेळा.

उंदीर? उंदीर एवढं जड झाकण उचलत नाही. यंत्रच बिघडलं असेल, असं मी स्वतःला समजावलं. दुसरं लावलं, त्याचा आकडा दाखवणारा भाग वायरीने बाहेर ओट्यावर ठेवला आणि वायरिंग बघायला पुढच्या खोलीत गेलो.

चप्.

रबर सुटल्याचा आवाज. सव्वीस वर्षं ऐकतोय, चुकणार नाही.

मी मागे आलो. झाकण बंद. खोलीत कुणी नाही.

यंत्रावरचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत चढत होता. पाच... सात... दहा...

झाकण बंदच होतं.

काका जिना उतरून आत आले. त्यांनी माझा चेहरा पाहिला. समोर बसले.

"तुम्हालाही ऐकू आलं ना?"

मी मान हलवली.

"ही होती तेव्हा तिचं इन्सुलिन त्यात असायचं," ते म्हणाले. "तीन वर्षांपूर्वी आम्ही लांबच्या सफरीला निघालो. निघायच्या आदल्या दिवशी फ्रिज नीट गार होईना. हिने एका मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, बटण शेवटपर्यंत फिरवा, होईल गार."

"झाला गार. इतका की बाटल्या गोठल्या. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसतं तसंच, पण काम करत नाही. हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. परतायला वारा उलटा, किनारा चार दिवस लांब. ती सारखी झाकण उघडायची. आत हात घालून बाटल्या तळहातात धरायची. मी म्हणायचो, अगं, आता काय उपयोग. ती म्हणायची, एखादी तरी वाचली असेल."

त्यांनी झाकणावरून हात फिरवला.

"किनारा दिसत होता तेव्हा गेली. नंतर दुसऱ्या एका मिस्त्रीने फ्रिज खोलून पाहिला. जाळी धुळीने बुजली होती, एवढंच. अर्ध्या तासाचं काम."

मला तो फोन आठवला. मी शिडीवर होतो, हातात पाना. बाई सांगत होत्या, आत औषध आहे. कसलं औषध, हे मी विचारलं नाही. मिनिटभरही बोललो नव्हतो.

सांगायची हिंमत झाली नाही.

"तिच्या वहीत तुमचा नंबर सापडला, मिस्त्री," काका शांतपणे म्हणाले. "पुढे नुसतं 'फ्रिज' लिहिलंय."

मला त्यांच्याकडे बघता येईना.

"भांडायला बोलावलेलं नाही. बटण मीच फिरवलं होतं. एकट्याने ऐकून ऐकून कंटाळलो, म्हणून बोलावलं."

चप्.

या वेळी झाकण दोन बोटं वर आलं. आम्ही दोघांनी पाहिलं. मग ते खाली बसलं.

मला तिथून निघायचं होतं. यंत्र काढायला मी झाकण उचलून आत हात घातला. आत गारठा होता, बोटं आखडली...

आणि त्या गारठ्यात माझ्या बोटांवर दुसरी बोटं मिटली.

उबदार. ताप आलेल्या माणसाची असतात तशी.

ओढलं नाही, आवळलं नाही. नुसतं धरून ठेवलं. बाटली धरावी तसं. मग सुटलं.

"कुणीतरी हात धरला," म्हणत मी हात बाहेर काढला तेव्हा बटणाकडे लक्ष गेलं. तीनवरचं बटण शून्यावर, म्हणजे बंदवर होतं... आणि कॉम्प्रेसर तरी चालूच होता.

"वायर तोडतो, काका. कायमचा बंद करतो."

"नको," ते म्हणाले. "बंद केला तर ती काय उघडत बसेल?"

मी हत्यारं गोळा केली आणि निघालो. जिन्यावर ते मागून एवढंच म्हणाले, "तुमच्याशी ती रागाने वागली नाही. माझ्या हाताला तीन वर्षांत एकदाही लागली नाही."

त्यानंतर मी बोटीचं काम घेतलेलं नाही. मागच्या महिन्यात एका शीतगृहाच्या कामाला जाताना धक्क्यावरून गेलो. त्या बोटीच्या छतावर सौरऊर्जेचे दोन नवे पत्रे बसवलेत. घरघर वाटेवरूनच ऐकू येत होती.

काका आत ओट्यापाशी बसले होते. झाकण उघडं टाकून, बाही वर करून, कोपरापर्यंत हात आत.

मी माफी मागायला दोन पावलं पुढे गेलो. मग परत फिरलो.