मजल्यावरचा स्टँड

धुळ्याच्या भर बाजारात नवी इमारत उठली आणि एसटीचा स्टँड तिच्या पहिल्या मजल्यावर गेला. खाली कापडाची दुकानं, वर फलाट. गाड्यांना वर जायला रुंद चढण. माणसांना मात्र अरुंद जिना, त्यातही दुकानदारांची खोकी.

त्या उन्हाळ्यात पारोळ्याची सुनंदा आईचे गुडघे डॉक्टरांना दाखवून परतत होती. अर्ध्या जिन्यातच नर्मदाबाई मटकन बसल्या.

"माय व, मनाकडथून आते चढावत नही."

सुनंदानं त्यांना चढणीकडे नेलं, तर पहारेकऱ्यानं काठी आडवी धरली. आईला तिथंच टेकवून ती तडक वर, चौकशीच्या खिडकीशी. आत गिरधर नावाचा सडपातळ तरुण चहा पीत होता.

"चढण कुणासाठी बांधलीत?"

"गाड्यांसाठी."

"आणि गाड्या कुणासाठी?"

कप ओठांशीच थांबला. "नियम मी केलेला नाही, बाई..."

"पाळताय तर तुम्हीच ना?"

तेवढ्यात पारोळ्याची गाडी हलली. सुनंदा धडाधड उतरली आणि आईचा हात धरून चढणीच्या मधोमध उभी राहिली. गाडी कचकन थांबली. वरून स्टँडचे साहेब ओरडले, "गिरधर, त्यांना बाजूला कर."

गिरधर धावत आला. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की आपण कशाला आलोय तेच तो विसरला. मग त्यानं नर्मदाबाईंचा दुसरा हात धरला आणि त्यांना गाडीत चढवलं.

"झालं समाधान?"

"नाही. उद्या दुसऱ्या कुणाची आई असेल."

गाडीत नर्मदाबाई हळूच म्हणाल्या, "कसाले भांडस व? पोऱ्या चांगला शे."

सुनंदानं खिडकीतून मागं वळून पाहिलं.

पुढं दर आठवड्याला दवाखाना, दर आठवड्याला भांडण. आणि प्रत्येक वेळी गिरधर चढणीच्या पायथ्याशी गाडी थांबवून उभा. इतर म्हातारी माणसंही तिथंच चढू लागली.

एकदा मात्र पायथ्याशी तो नव्हता. आईला सावलीत बसवून ती वर गेली, तर खिडकीत दुसराच कारकून.

"परस्पर गाड्या थांबवतो म्हणून त्याची साक्रीला बदली झाली."

सुनंदा साहेबांच्या दारात उभी राहून इतकं बोलली की फलाटावर गर्दी जमली. बदली टळली नाही. पण पायथ्याशी गाडी थांबेल, असं साहेबांना चारचौघांत कबूल करावं लागलं.

गर्दीमागं गिरधर ट्रंक घेऊन उभा होता. आता बोलणी खायची त्याची पाळी.

"गुपचूप निघालात. मला सांगावंसं नाही वाटलं?"

"कोणत्या नात्यानं सांगू?"

"तेही मीच सांगायचं?" तिचा आवाज चिरकला. राग तसाच होता, डोळे मात्र भरून आले.

गिरधरनं ट्रंक खाली ठेवली. "सुनंदा... जन्मभर भांडाल माझ्याशी?"

"आमच्या आबांना येऊन विचारा." ती पारोळ्याच्या गाडीकडे वळली. "आणि उशीर लावू नका."

साक्रीची गाडी हॉर्न देऊन निघून गेली. गिरधर ट्रंक उचलून तिच्यापाठोपाठ पारोळ्याच्या गाडीत चढला. पायथ्याशी गाडी थांबली. नर्मदाबाई आत आल्या, दोघांकडे आळीपाळीनं पाहून समोरच्या बाकावर टेकल्या आणि म्हणाल्या, "बठ, पोऱ्या. उभा कसाले शे?"