लुकेहून आलेला कॉल

दुपारी दोन वाजता डेर्लिस ओवेलारने चालू प्रोग्राम मध्येच थांबवला.

गेल्या जानेवारीत, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, असुन्सिओन शहरात घडलेली ही गोष्ट. यात पदरचं काही घातलेलं नाही. ज्याच्या बाबतीत घडली त्यानेच सांगितली. सांगताना त्याने एकदाही वर पाहिलं नाही.

डेर्लिस एका खासगी रुग्णवाहिका सेवेत प्रोग्रामर होता. फोन आला की त्याचा प्रोग्राम पत्ता शोधून जवळची गाडी धाडायचा. पण अधूनमधून गाडी भलत्याच वस्तीत जायची. प्रोग्रामच्या प्रतीवर चूक सापडेना, तेव्हा जे करायचं नसतं ते त्याने केलं. चालू प्रोग्रामलाच डीबगर लावला.

डीबगर म्हणजे एक काळी खिडकी. तिच्यात कमांड टाइप करून प्रोग्राम हव्या त्या ओळीवर गोठवायचा, आत काय चाललंय ते वाचायचं आणि लगेच 'पुढे चल' सांगायचं. लगेच. कारण तोवर आलेला कॉल तिथेच अडकून राहतो.

तो वाचत होता, तेवढ्यात शेजारच्या खोलीतून निमियाने हाक मारली. निमिया फोन घ्यायची. वयाने मोठी, तोंडाने फटकळ.

"ये रे, तेरेरे पाजते. तुझी ती काळी पाटी काही पळून जात नाही. बर्फ मात्र वितळतोय."

तो गेला.

सिएस्ताची, म्हणजे दुपारच्या झोपेची वेळ. अख्खं शहर झोपलेलं. बाहेर आंब्यावरचे किडे तेवढे कर्कश किरकिरत होते. बर्फाच्या पाण्यातल्या त्या कडवट पाल्याचा, तेरेरेचा, शिंगाचा पेला या हातातून त्या हातात फिरत राहिला. निमियाच्या पडद्यावर एकही कॉल नव्हता. आज कुणाला मरायलाही सवड नाही, असं ती म्हणाली. तोही हसला.

परतल्यावर काळी खिडकी दिसली. प्रोग्राम अजून गोठलेलाच होता. त्याने 'पुढे चल' टाइप केलं...

एक कॉल सुटला.

शहराबाहेरच्या लुके गावाहून. एकटी राहणारी म्हातारी होती. गाडी पोहोचली तेव्हा फोन तिच्या हातातच होता.

बाई बराच वेळ फोन धरून होत्या, असं शेजाऱ्यांनी ठासून सांगितलं. ठपका निमियावर आला. तेरेरे पीत बसली, फोन उचलला नाही. तिला घरी बसवलं. ज्या बैठकीत हे ठरलं, तिथे डेर्लिस होता. प्रोग्राम आपण थांबवला होता, हे त्याने लपवलं.

काही दिवसांनी त्याने घरी, स्वतःच्या यंत्रावर, प्रोग्रामची प्रत उघडली. फोनची लाइन जोडलेली नव्हती. कुठेही थांबायला सांगितलेलं नव्हतं.

प्रोग्राम थांबला...

त्याच ओळीवर.

बाहेरचे किडे एकदम गप्प झाले.

आत कोणाचा कॉल आहे, असं त्याने विचारलं. लुकेचा नंबर आला. किती वेळ थांबलाय, तो आकडा मागवला. मग पुन्हा मागवला...

आकडा वाढला होता.

गोठलेल्या प्रोग्राममध्ये काहीही वाढू शकत नाही.

त्याने 'पुढे चल' टाइप केलं. पुन्हा केलं. शेवटी वायरच उपटली. पडदा विझला. किडे मात्र गप्पच.

तो तसाच निमियाच्या घरी गेला आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, ती शिव्या घालेल. त्याला त्याच हव्या होत्या.

शिव्या आल्या नाहीत.

"मला ऐकू येत होतं रे," ती म्हणाली. "कानातल्या फोनमध्ये कुणीतरी श्वास घेत होतं. पडदा रिकामा दिसला, म्हणून मी दुसरा पेला भरला."

डेर्लिसने वरिष्ठांना खरं सांगितलं. त्याची नोकरी गेली. निमियाला परत बोलावलं. ती गेली नाही.

मार्चमध्ये सेवेने तो प्रोग्राम काढून टाकला आणि बाहेरून नवा विकत घेतला.

गेल्या आठवड्यात तिथल्या नव्या प्रोग्रामर मुलीने, फिदेलिनाने, डेर्लिसला फोन केला. दुपारच्या वेळी प्रोग्राम आपोआप थांबतो, म्हणाली. कुठल्या ओळीवर, असं त्याने विचारलं.

तिने वाचून दाखवली.

तीच ओळ होती, त्याने स्वतः लिहिलेली. नव्या प्रोग्राममध्ये ती नाही.