साफसफाईत गेलेलं दुकान

दिवाळीच्या साफसफाईत शाल्मलीने आजोबांचा आवाजच काढून टाकला. मुद्दाम नव्हे हो! माळे झाडून झाले, डबे घासून झाले, मग म्हटलं, आजोबांचा जुनापुराणा फोनही लख्ख करावा. अनोळखी चिन्ह दिसलं की उडव, असा सपाटाच लावला पोरीने. त्यात 'वाणी' नावाचं अ‍ॅप गेलं आणि 'मोकळं अंगण'ही गेलं.

आजोबा ध्वनिशास्त्रज्ञ (आवाजाचा अभ्यास करणारे). घशाच्या ऑपरेशनने आवाज जाणार होता, म्हणून त्याआधीच त्यांनी आपल्या आवाजाचे नमुने फोनमध्ये साठवले होते. ते टाइप करत आणि 'वाणी' त्यांच्याच आवाजात बोले. ऑपरेशन झालं तेव्हा शाल्मली पाळण्यात होती. तिच्यासाठी आजोबांचा आवाज म्हणजे हाच.

आजोबांनी पाटीवर खडूने लिहिलं, "असू दे." ते वाचून तिला जास्तच रडू फुटलं.

फोन बनवणाऱ्या कंपनीच्या अ‍ॅप-दुकानात 'वाणी' शोधून सापडेना. घाबरून तिने 'सगळं पुसून मूळ स्थितीत आणा' या बटणाकडे बोट नेलं.

"अगं बाई, थांब!" घरकामाचा रोबो खटपट्या केरसुणी टाकून धावला. "आगीतून फुफाट्यात पडशील! त्याने आवाजाचे नमुनेही जातील."

"मग 'वाणी' आणू कुठून?"

"ऐक. हा फोन जेलब्रेक केलेला आहे (म्हणजे कंपनीने घातलेली कुलपं मालकाने स्वतः काढलेली). म्हणून त्यावर बाहेरचं दुकानही चालायचं. 'मोकळं अंगण' म्हणजे तेच दुकान. 'वाणी' तिथलंच."

"आणि तेच मी मोडलं!"

"मोडलंस कसलं? फलक आणि दार तेवढं काढलंस. आतला इन्स्टॉलर (आलेला माल उघडून जागच्या जागी लावणारा हमाल) अजून उभाच आहे. तो दिसत नाही, म्हणून तुझ्या झाडूतून वाचला. आपण सबंध दुकानाचंच गाठोडं त्याच्या हाती देऊ."

खटपट्याने ते गाठोडं दुकान बनवणाऱ्यांच्याच संकेतस्थळावरून उतरवून घेतलं. "भलत्याकडून घ्यायचं नाही हं. कुलूप नसलेल्या घरात चोरही शिरतो." मग पोटातली वायर काढून फोनला जोडली आणि हमालाला हुकूम सोडला. फोनने 'काम झालं' असं कळवलं.

पण पडद्यावर दुकान काही दिसेना. शाल्मलीचा चेहरा पडला.

आजोबा मात्र हसले. त्यांनी पाटीवर लिहिलं, "वर्गात नवा मुलगा येऊन बसला, पण हजेरीत नाव नाही. बाई त्याला हाक मारतील का?"

शाल्मलीने नाक ओढलं, विचार केला आणि एकदम ओरडली, "खटपट्या, पडद्याला सगळ्या चिन्हांची हजेरी पुन्हा घ्यायला सांग!"

पडदा काळा झाला, उजळला आणि 'मोकळं अंगण' हजर! तिथून 'वाणी' उतरलं. नमुने होते तिथेच होते. तिने ते जोडून दिले, आणि आजोबांनी टाइप केलं.

"शालू."

एवढं एकच. पण तिने आजोबांना गच्च मिठी मारली. मग म्हणाली, "आजोबा, नमुन्यांची एक प्रत खटपट्याच्या पोटात ठेवूया. आणि मोठी झाले ना, की ज्यांचा आवाज जाणार असेल त्या सगळ्यांचे नमुने मी आधीच साठवून ठेवणार!"

"जरूर," आजोबांचा आवाज म्हणाला. "खटपट्या, तू मात्र जरा लपून बस. हिची साफसफाई अजून उरकलेली नाही."