मेणाच्या खाचेतली रेघ

जनार्दन परब आखातात, वादी कबीरच्या एका वर्कशॉपमध्ये सव्वीस वर्षं लेथवर उभा होता. हात इतका बसलेला, की कॅलिपर काढायचा तो केवळ गिऱ्हाइकाचं समाधान व्हावं म्हणून. अशा माणसाने एका बुधवारी जी चूक केली ती नवशिक्यानेही केली नसती. वर ती लपवली. सव्वीस वर्षांच्या अब्रूपुढे माणूस याहून मोठ्या गोष्टी लपवतो.

काम अर्बाबच्या हौसेचं होतं. अर्बाब म्हणजे वर्कशॉपचा मालक खल्फान, पन्नाशीचा, हसरा, कामगारांत राहून हिंदी पक्की झालेली. गेल्या वर्षी रीतसर परवाना काढून त्याने एक रायफल आणली होती. नमुना दीडशे वर्षांपूर्वीचा, पण कारखान्याने नव्याने काढलेला. अक्रोडाचा दस्ता, पितळी अंग आणि चापाखाली बोटं घालून ओढायची मोठी लिव्हर. लिव्हर एकदा पुढे-मागे केली की रिकामं काडतूस उडून बाहेर, नवं आत. मुख्य नळीखालच्या दुसऱ्या नळीत काडतुसं एकामागे एक झोपलेली असतात, म्हणून तिच्या गोळीचं नाक चपटं ठेवावं लागतं. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या बुडाला टोचली तर नळीतच धमाका व्हायचा. बाजारच्या गोळ्या मिळत होत्या, पण जुन्या वळणाच्या बंदुकीला घरी ओतलेलीच गोळी हवी, असा खल्फानचा हट्ट.

तेव्हा दर बुधवारी दुपारी जनार्दन टायरच्या बॅलन्सिंगची शिशाची जुनी वजनं वितळवी, चिमूटभर कथील टाकी, वरचा मळ काढी आणि दोन पाकळ्यांच्या साच्यात रस ओती. पाकळ्या उघडल्या की चकचकीत गोळी जाड फडक्यावर टपकन पडे. मग तिच्या कमरेच्या खाचेत मधमाशीचं मेण भरायचं, म्हणजे नळीत शिसं चिकटत नाही.

त्या बुधवारी साच्यात शिशाचा कण अडकला. तो बांबूच्या काडीने काढायचा असतो. काडी सापडेना, बाहेरून खल्फानचं घाईचं ‘यल्ला यल्ला’ चाललेलं. जनार्दनने धातूवर रेघ आखायचा टोकदार पोलादी स्क्राइबर घातला आणि हात घसरला. साच्यावर केसाएवढी रेघ उठली, शेवटाला माशाच्या गळासारखी वळलेली. तेव्हापासून प्रत्येक गोळीच्या खाचेत ती रेघ यायची. मेण भरलं की दिसत नसे. जनार्दनने मेण जरा जास्तच भरायला सुरुवात केली.

शुक्रवारी दोघं सहम गावी जात. तिथे खल्फानची खजुराची बाग, बागेत त्याचे म्हातारे वडील आणि त्यांची सगळी उस्तवार करणारा महमूद. महमूद दापोलीकडचा, त्यामुळे जनार्दनला तिथे मराठी बोलायला मिळे. बागेमागे वादी होती, नदीचं कोरडं पात्र. जुम्म्याची नमाज झाली की जेवणाआधी खल्फान तिथे वीसेक गोळ्या झाडायचा. उजवीकडे मातीचा उंच बांध, त्यासमोर नेमासाठी लावलेली लोखंडी पाटी. डावीकडे नुसते गोटे आणि एक बाभळीचं झाड.

म्हातारे बाबा कधी वादीकडे फिरकत नसत. कंबरेत लहानपणीची दुखापत, काठीशिवाय चालणं नाही. ते खुर्चीत बसून जनार्दनकडे बघत. ते बघणं रागाचं नव्हतं. लग्नात भेटलेल्या माणसाचं नाव आठवत नसलं की आपण जसं बघतो, तसं.

पहिल्यांदा ऐकू आली ती घंटा. गोळीचा आवाज विरला आणि बाभळीकडून बकरीच्या गळ्यातली घंटा वाजली. खल्फान म्हणाला, “कान गेले तुझे. कापूस घाल.”

जनार्दनने कापूस घातला. पुढच्या शुक्रवारी तो बाभळीखाली गेला, तर तिथे ओल्या लेंड्या पडल्या होत्या.

“बकरी?” महमूद म्हणाला. “भाऊ, बाबांनी मी यायच्या आधीच सगळ्या विकल्या. इथं आसपास कोणाकडे नाय.”

लेंड्यांजवळ खड्यांचं एक घर मांडलं होतं, मुलं मांडतात तसं. एक खोली, एक दार. त्याच्या पुढच्या शुक्रवारी घराला दुसरी खोली झाली होती. जनार्दन मनाशी म्हणाला, शेजारच्या बागेतली पोरं येत असतील. शेजारची बाग ओसाड होती हे त्याला ठाऊक होतं, पण असं काहीतरी म्हटल्यावर बरं वाटतं.

मग बाबांचं कंबरेचं ऑपरेशन झालं. नवा सांधा बसवताना डॉक्टरांनी आत रुतलेली बंदुकीची गोळी काढली. अडुसष्ट वर्षं ती तिथे होती. खल्फानला केवढं अप्रूप. एका डबीत घालून ती त्याने वर्कशॉपमध्ये आणली.

“बघ तर जनार्दन, कुठल्या बंदुकीची असेल? त्या काळी इथे एकबारी बंदुका. गोळी ही एवढी, गोल नाकाची. ही तशी नाही.”

गोळीवर पांढरी साय आली होती. नाक चेपलं होतं, पण होतं चपटंच. कमरेची खाच शाबूत होती, कारण गोळी खरवडणारे नळीतले पेचदार आटे खाचेपर्यंत पोचत नाहीत. जनार्दनने भिंग लावलं. खाचेत केसाएवढी उभी रेघ होती आणि ती शेवटाला गळासारखी वळली होती.

“काय दिसतं?”

“काही नाही अर्बाब. जुनी आहे.”

त्याला खरोखर भीती वाटली. अब्रू जायची भीती त्याला माहीत होती. ही तशी नव्हती. तिला नाव नव्हतं.

त्याच रात्री त्याने फोनवर महमूदला सगळं सांगितलं. साचा, स्क्राइबर, रेघ, सगळं. दुसऱ्या दिवशी महमूदने बाबांना विचारलं आणि परत फोन केला.

“बाबा तेव्हा सात वर्षांचे, त्यांचा भाऊ बारा वर्षांचा. मागच्या वादीत बकऱ्या घेऊन गेलेले. दोन गोळ्या आल्या. इतक्या लागोपाठ की सगळ्यांना वाटलं दोघांनी झाडल्या, एका बंदुकीला एवढ्यात दुसरी जमायची नाय. एक यांना लागली. एक भावाला. तो तिथंच गेला. माणूस कोणी सापडला नाय. शेजारच्यांवर आळ आला, ते बाग सोडून गेले.”

“त्यांनी कोणाला बघितलं होतं?”

“दोन माणसं. एकाकडे बंदूक. दुसऱ्याने हात वर केला होता.” महमूद थांबला. “भाऊ, ते बोलले, तो परब होता, म्हणजे तुम्ही. पहिल्या दिवशीच ओळखलं बोलले.”

“हात वर कशाला?”

“थांबवायलाच केला असंल ना.”

“मग थांबलं का नाही?”

बाबा खल्फानला का सांगत नाहीत, असं जनार्दनने विचारलं, तेव्हा महमूद म्हणाला, “मी पण तेच विचारलं. बोलले, जे होऊन गेलं ते आता कसं अडवू?”

पण जनार्दनच्या लेखी ते होऊन गेलेलं नव्हतं. त्याने असा हात अजून वर केलाच नव्हता. एक बारा वर्षांचं पोर अजून कुठेतरी बाभळीखाली खड्यांचं घर मांडत होतं, आणि त्याला लागणारी गोळी जनार्दनच्या हातची होती. त्याने साचा व्हाइसच्या जबड्यात धरून हातोड्याने चेपला. उरलेल्या गोळ्या वितळवून शिशाची एक वीट केली. खल्फानला काय सांगायचं ते नंतर बघू, नोकरी गेली तर गेली.

गुरुवारी रात्री त्याला आठवलं, की त्याच गोळ्या भरलेल्या काडतुसांचा एक डबा सहमलाच पडून आहे. खल्फान तर त्याच दिवशी दुपारी पुढे गेला होता.

त्या रात्री आणि शुक्रवारी सकाळी खल्फानचा, महमूदचा, कोणाचाच फोन लागेना. टॅक्सी करून जनार्दन निघाला. सगळ्या रस्त्याने त्याने एकच गोष्ट मनाशी घोकली. काही झालं तरी हात वर करायचा नाही. चालत जायचं, अर्बाबच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि हळू सांगायचं.

बागेत पोचला तेव्हा दीड वाजला होता. महमूद स्वयंपाकघरात, बाबा खाटेवर. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

वादीतून गोळीचा आवाज आला, आणि पाठोपाठ पाटीची खणखण.

जनार्दन हात खिशात घालून निघाला. ऊन सौम्य होतं, थंडीच्या दिवसांतलं. झाडांच्या पलीकडे खल्फान दिसला. बंदूक खांद्याला, नळी उजवीकडे, सरळ पाटीवर. सगळं नेहमीसारखं होतं.

घंटा वाजली.

एक नव्हे, पाच-सहा घंटा.

जनार्दनने डावीकडे बघितलं. बाभळीखाली बकऱ्या होत्या. दोन मुलं होती. मोठं ओणवं होऊन खडे वेचत होतं. धाकटं उभं होतं आणि जनार्दनकडेच बघत होतं.

एवढ्या जवळ जिवंत पोरं आणि बाजूला भरलेली बंदूक. घोकलेलं सगळं गेलं.

“अर्बाब! थांबा!”

हात आपोआप वर गेला होता.

खल्फान दचकून आवाजाकडे वळला. बोट चापावर होतं, हात लिव्हर पुढे-मागे करायला सरावलेला.

दोन गोळ्या सुटल्या, इतक्या लागोपाठ की दोघांनी झाडल्यासारख्या.

पाटी वाजली नाही.

मग धूर विरला. बाभळीखाली गोटे होते आणि ऊन होतं.

“वेडा झालास काय?” खल्फान बंदूक खाली करत म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. “माझा नेम पाटीवर होता. तू ओरडलास म्हणून नळी डावीकडे गेली. तिकडे कोणी असतं तर?”

जनार्दनचे डोळे बाभळीवरच होते. इतके शुक्रवार वीस-वीस गोळ्या सुटल्या आणि एकही तिकडे गेली नव्हती. ती पोरं तिथे सुखरूप खेळत होती.

मागून पावलं वाजली. महमूद आला होता, हाताला पीठ तसंच. तो दोघांपासून जरा लांबच उभा राहिला.

“भाऊ,” तो हळू म्हणाला, “बाबा विचारतायत, झालं का म्हणून. झालं असेल तर जेवायला या बोलतायत. तुमच्यासाठी थांबलेत.”