कठड्यापाशी पहिला नंबर

"हा शर्ट घालून तू इथं आलास?"

माझं त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य हे. गुड मॉर्निंग नाही, काही नाही. पण माझाही नाइलाज होता. रविवारची सकाळ, सात वाजलेले, सरोवरावरून बोचरा वारा येतोय, बारीक पाऊस पडतोय, आणि हार्बर हॉलच्या बंद दारासमोर हा उंच, लाल नाकाचा मुलगा येऊन उभा राहतो. अंगात काय, तर 'सॉल्ट फर्नेस' या बँडचाच शर्ट! तोही कोरा करकरीत. घडीसुद्धा मोडली नव्हती.

"का? त्यांचाच कार्यक्रम आहे ना आज?" तो गोंधळला.

"म्हणूनच तर. ज्यांचा कार्यक्रम, त्यांचा शर्ट घालायचा नसतो. लग्नात नवऱ्या मुलाचा फोटो छातीवर लावून जाशील का?"

तो खळखळून हसला. मला वाटलं होतं, वरमेल. मिलवॉकीत मुलं माझ्यापुढे वरमतात, मला सवय आहे त्याची.

"हात पुढे कर," मी म्हणाले आणि मार्करचं टोपण दातांनी काढलं.

आमच्या रांगेचा कायदा असा, की जो पहिला येतो तो वही ठेवतो आणि प्रत्येकाच्या हातावर नंबर लिहितो. सॉल्ट फर्नेसच्या मिलवॉकीतल्या बावीस कार्यक्रमांत, अकरा वर्षं, पहिली मीच आहे. यादिरा ओल्मोस, नंबर एक. अर्ध्या तासाहून जास्त वेळ रांग सोडली, की नंबरावर रेघ. मग मागं जायचं. कोण का असेना! सिक्युरिटीवाले आमच्या यादीत ढवळाढवळ करत नाहीत, कारण आमच्या रांगेत कधी धक्काबुक्की झालेली नाही. मला त्याचा अभिमान आहे. आठवडाभर मी कारखान्यात गिअरबॉक्स जोडते, पण कुणी विचारलं तू काय करतेस, तर मला आधी ही रांग आठवते.

त्याचा हात थंडगार होता. मी त्यावर मोठा '२' काढला.

"कॅझ," तो म्हणाला. "पूर्ण नाव कॅझिमिर. पण ते फक्त आजी म्हणायची, तेही रागावली की."

"मग मीही जपून ठेवते... लागेल तसं वापरीन."

आठ वाजेपर्यंत तिसऱ्या नंबरवर लोरेन आली. ही निवृत्त बस-ड्रायव्हर, वय त्रेसष्ट, घडीची खुर्ची, थर्मास आणि जिभेला हाड नाही. तिनं कॅझला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि माझ्या कानाशी म्हणाली, "शर्ट वाईट आहे. बाकी माल चांगला आहे गं."

"लोरेन!"

"काय लोरेन? मी म्हातारी झालेय, आंधळी नाही."

दहापर्यंत रांग कोपऱ्यापलीकडे गेली. एकमेकांना कॉफी, तळलेलं चीज, छत्र्या सगळं फिरत होतं. आज रांगेतली कुजबुज मात्र वेगळी होती. सॉल्ट फर्नेस थांबणार होते. आजचा दुपारचा कार्यक्रम हा त्यांचा शेवटचा, आणि तोही आपल्याच गावात.

"तू इतक्या लवकर का येतेस?" कॅझनं विचारलं. "पहिल्या ओळीत तर आठ वाजता येऊनही जागा मिळेल."

आता हे मी सहसा कुणाला सांगत नाही. पण पाऊस पडत होता, त्यानं त्याची छत्री निम्म्याहून जास्त माझ्यावर धरली होती, आणि त्याचा उजवा खांदा पार भिजला होता...

"शेवटच्या गाण्याला थिया गाता गाता मंचावरून खाली उतरते," मी म्हणाले. "मंचापुढच्या कठड्याच्या बरोब्बर मध्ये जो असतो, त्याच्यापुढे माईक धरते. शेवटची ओळ त्यानं ओरडायची. 'दिवे मालवू नका, आम्ही आत आहोत.' अकरा वर्षं मी मधोमध उभी आहे. चारदा माईक माझ्या हातभर अंतरावर आला. एकदा माझ्या उजवीकडच्याला मिळाला, तीनदा डावीकडे. मला... कधीच नाही."

"आणि आज शेवटची संधी."

"हं."

तो हसला नाही. मला ते फार आवडलं. मग म्हणाला, "कानात काय घालतेस?"

"काय?"

"कानात. कठड्यापाशी, स्पीकरच्या तोंडावर. अकरा वर्षं?"

मी खिशातून पिवळ्या स्पंजचे बोळे काढून दाखवले. त्यानं ते असे काही पाहिले, की जणू मी मेलेला उंदीर दाखवला. कॅझ ऐकू कमी येणाऱ्यांसाठी कानातली यंत्रं बनवतो, त्यांचे साचे घेतो. साच्यांचं सामान पाठीवरच्या पिशवीत आणि बाकीची हत्यारं गाडीत घेऊन फिरतो.

"डावा कान वाजतो का कार्यक्रमानंतर?"

मी बोळे घाईनं खिशात कोंबले. कारण वाजतो. दोन दोन दिवस वाजतो, आणि रात्री उशीवर कान टेकला की भीती वाटते. हे मी आईलाही सांगितलेलं नाही. तिला आधीच आमचं संगीत म्हणजे भांडी घासण्याचा आवाज वाटतो.

"बस इथं," तो म्हणाला. लोरेननं मुकाट्यानं खुर्ची दिली. हेही पहिल्यांदाच. "मान तिरकी कर. आता गुलाबी लगदा भरणार आहे. पाच मिनिटं बोलायचं नाही. जबडा हलला की साचा बिघडतो."

"पाच मिनिटं? ही?" मागून कुणीतरी ओरडलं. "तू हिला ओळखत नाहीस!"

मी उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच त्यानं माझ्या हनुवटीला बोट लावलं. नुसतं लावलं. "शू..."

दोन्ही कान बंद झाले आणि जग लांब गेलं. पाऊस दिसत होता, त्याचा आवाज नव्हता. माझ्याच छातीतली धडधड तेवढी ऐकू येत होती, आणि ती जरा जास्तच जोरात होती. कॅझ समोर गुडघ्यावर बसून घड्याळाकडे बघत होता. मध्येच घड्याळ सोडून माझ्याकडे बघायचा. मी डोळे वटारले की पुन्हा घड्याळाकडे.

लोरेननं त्याला काहीतरी विचारलं. त्यानं मान वर करून काहीतरी उत्तर दिलं. आणि आजूबाजूचे वीस-पंचवीस जण... हसले नाहीत, एकदम टाळ्या! लोरेननं तर डोळे पुसले. मी बसलेय आपली, मान वाकडी, कान बंद, तोंड बंद.

साचे निघाल्याबरोबर मी विचारलं, "काय म्हणालास?"

"काही नाही."

"लोरेन, काय म्हणाला हा?"

"त्यालाच विचार, पोरी."

सगळी रांग गालातल्या गालात हसत होती. नऊ नंबरचा ड्वाइटसुद्धा सांगेना. त्याचं मात्र मी समजू शकत होते. सकाळीच तो डोनट आणायला गेला, चार मिनिटं उशिरा आला, आणि मी त्याच्या नंबरावर रेघ मारली. आता तो मागच्या शेपटाला होता आणि गप्पांपुरता पुढे येऊन उभा राहायचा.

एक वाजता कॅझ म्हणाला, "मी गाडीपर्यंत जाऊन येतो. साचे तयार करायचेत."

"अर्धा तास," मी म्हणाले.

"माहितीय."

दीडला मी रस्त्याकडे पाहिलं. पावणेदोनला पाहिलं. दोनला लोरेन म्हणाली, "मान मोडेल तुझी." सव्वादोनला तो धावत आला. भिजलेला, बोटांना चिकट लेप लागलेला. मूठ उघडून त्यानं माझ्या तळहातावर दोन छोटे, पारदर्शक इअरप्लग ठेवले. अजून कोमट होते ते. त्यानं ते गाडीच्या हीटरसमोर धरून वाळवले होते.

"हे घातल्यावर आवाज कमी होईल, पण स्वच्छ ऐकू येईल," तो धापा टाकत म्हणाला. "लेप वाळायला वेळ लागतो. घाई केली असती तर कानाला लागले असते."

"तुला माहीत होतं, अर्ध्या तासात होणार नाही?"

"हो."

"मग गेलास कशाला?"

"तुझा डावा कान वाजतो," तो म्हणाला. एवढंच.

सगळी रांग माझ्याकडे बघत होती. ड्वाइटही बघत होता. एका मुठीत त्याची भेट, दुसऱ्या हातात मार्कर. मला वाटलं, कुणीतरी म्हणावं, जाऊ दे यादिरा, एवढ्या वेळेला चालेल. पण कुणी म्हणालं असतं, तरी मी ऐकलं नसतं. ड्वाइटला चार मिनिटं माफ झाली नाहीत, तर ह्याला पाऊण तास कसा माफ होणार? मला तो आवडला म्हणून?

मी काही बोलायच्या आत त्यानंच हात पुढे केला. मी '२'वर रेघ मारली. रेघ वाकडी आली.

"सरळ माणूस आहेस तू," तो हळूच म्हणाला. रागानं नाही. उलट त्याच्या डोळ्यांत कौतुक होतं, आणि तेच मला सोसवेना. मग नवा नंबर घेऊन तो चालत गेला. दोनशे चौदा.

चार वाजता हॉलमधले दिवे मालवले. मी कठड्याच्या बरोब्बर मध्ये, डावीकडे लोरेन. पहिला ठोका पडला आणि मी थक्क झाले. गिटार वेगळी, ड्रम वेगळा, आणि थियाचे शब्द... शब्द! अकरा वर्षं मी जी गाणी पाठ म्हणत होते, त्यांतला एकेक श्वास आज ऐकू येत होता. पहिली दोन गाणी मी म्हटलीच नाहीत, नुसती ऐकली. ज्यानं हे माझ्या कानात ठेवलं, तो कुठेतरी मागे दोनशे माणसांच्या पाठी होता.

शेवटचं गाणं सुरू झालं. थिया पायऱ्या उतरू लागली. आणि अकरा वर्षांत जे कधी केलं नाही, ते मी केलं.

मी मागे वळले.

खरं सांगू, मला माहीतच नव्हतं आमचा हॉल मागून कसा दिसतो. मी कायम पुढे बघत आलेय. आठशे चेहरे, घामानं आणि आनंदानं चमकणारे. मधल्या रिंगणात माणसं नाचता नाचता एकमेकांवर आदळत होती. एक जण पडला, आणि तो पूर्ण पडायच्या आत सहा हातांनी त्याला उभा केला. बाहेरच्यांना वाटतं आम्ही मारामाऱ्या करतो. यावं त्यांनी आणि बघावं. माझी छाती अशी फुगली, की कठडा अपुरा वाटायला लागला. ही माझी माणसं!

आणि त्या गर्दीच्या वर एक बूट होता. रिंगणात कुणाचा बूट निघाला, तर सापडलेल्यानं तो उंच धरायचा, मालक येईपर्यंत. त्या बुटाखाली लांब हात, हातावर वाकडी रेघ मारलेला दोनाचा आकडा, आणि तो भयंकर शर्ट, आता बाहीला फाटलेला. एवढा आनंदी माणूस मी पाहिला नव्हता.

खांद्यावर टकटक झाली. वळले तर समोर थिया. बँड एकाच सुरावर घुमत थांबलेला.

"सगळे माझ्याकडे बघतायत," ती माईकमध्ये म्हणाली, "आणि तू मागे काय शोधतेयस?"

माईक माझ्या तोंडाशी होता. अकरा वर्षांनी.

"दोन नंबर," मी म्हणाले. "रेघ मारून मीच मागे पाठवला. चूक नव्हती माझी. पण तो मला इथं, शेजारी हवाय!"

हॉल फुटायचा बाकी राहिला. "कोण तो?" थियानं विचारलं. सकाळची अख्खी रांग एका सुरात ओरडली, "बूटवाला!"

रांगेत कुणी मध्ये घुसत नाही, पण डोक्यांवरून येणाऱ्याला आमच्यात रांग नसते. त्यांनी कॅझला उचललं. ड्वाइटनं पहिला हात लावला, मी पाहिलं. हातांवरून हातांवर, आडवा, बूट छातीशी धरलेला, तो माझ्याकडे वाहत आला, आणि सिक्युरिटीवाल्यानं कठड्यावरून त्याला झेललं. त्याचा चेहरा वीतभर अंतरावर असताना मी पुन्हा माईककडे वळले. ही ओळ मी कुणाला देणार नव्हते, त्यालासुद्धा नाही.

"दिवे मालवू नका, आम्ही आत आहोत!"

त्या इअरप्लगमधून मला माझाच आवाज ऐकू आला. खणखणीत, मोठा, जराही न फाटलेला. माझा होता तो!

कठड्यावरून आलेल्याला बाजूच्या दारानं बाहेर काढतात. कायदा तो कायदा. दिवे लागल्यावर मी धावत बाहेर गेले. संध्याकाळ होती, पाऊस थांबत आलेला. कॅझ भिंतीला टेकून उभा होता, हातात तो बूट.

"कुणाचा?"

"कोण जाणे. मालकच सापडेना. पण मी टाकून तरी कसा देणार?"

"आता सांग. सकाळी काय म्हणालास?"

त्याचे कान लाल झाले. "लोरेननं विचारलं, दुसऱ्या नंबरवर कसं वाटतंय. मी म्हणालो... ही पुढे उभी असेल, तर मी जन्मभर दुसऱ्या नंबरवर उभा राहीन." तो थांबला. "मग दुपारी तूच रेघ मारलीस, आणि वाटलं, हिच्याच मागे उभं राहावं. हिच्याच."

माझे डोळे भरले. मी ते लपवले नाहीत.

"कॅझिमिर," मी म्हणाले.

"रागावलीस?"

"हात पुढे कर."

मार्कर अजून खिशात होता. मार्चमध्ये शिकागोला दुसरा एक बँड येणार होता, दिवसभराची रांग लागणार होती. एक नंबर दोघांना द्यायचा नाही, हा नियम मीच केलेला, आणि तो मी एकदाही मोडला नव्हता. त्या वाकड्या रेघेच्या शेजारी मी त्याच्या हातावर '१' काढला, अगदी सावकाश, सरळ. मग माझ्या हातावर काढला.

त्यानं आधी त्याचा हात पाहिला, मग माझा.

"दोन्हीकडे एकच आहे," तो म्हणाला.

"वाचता येतं मला," मी म्हणाले, आणि त्याचा हात धरला. "चल, आधी बुटाचा मालक शोधू."