भिंतीवरची बाळाची वेळ

खोलीत पाऊल टाकताच सुगंधी फवाऱ्याचा वास फौजदारबाईंच्या नाकात घुसला. रविवारची संध्याकाळ होती. वृद्धाश्रमाच्या पलंगावर म्हाताऱ्या मास्तरीणबाई मरून पडल्या होत्या, गळ्यापर्यंत नीटनेटकं पांघरूण. शेजारी खुर्चीत व्यवस्थापक चहात बिस्किट बुडवत होता.

"रात्रीच गेल्या," बोटं चाटत तो म्हणाला. "ही रात्रपाळीची मावशी घोरत पडली असणार. घ्या हिला ताब्यात."

दाराशी उभी मावशी पुढे आली. "शप्पथ घेऊन सांगते बाई, मी पहाटे निघाले तेव्हा आजी चांगल्या बोलत होत्या!"

"तुम्हाला कधी कळलं?" फौजदारबाईंनी व्यवस्थापकाला विचारलं.

"ही मावशी घरी गेल्यावर लगेच, सकाळी. मीच कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात. तुम्ही येईपर्यंत कुणीही आत आलं नाही."

"इतका वेळ का लावलात कळवायला?"

"मुलाला गाठत होतो. परदेशात असतो ना."

"खोलीत कशाला हात लावलात?"

"छे! कशालाच नाही."

बाईंनी पांघरूण सारलं. मांडी काळीनिळी, टरारून सुजलेली. भिंतीवर दोन घड्याळं होती. एक इथल्या वेळेचं, दुसऱ्याखाली खडूनं 'बाळ' लिहिलेलं. त्याच्याखाली स्टूल आडवं पडलं होतं. पूर्वी परदेशी गेलेल्या मुलाच्या पत्राच्या निळ्या पाकिटाकडे आईचे डोळे लागलेले असत. या आईनं लेकाची वेळच भिंतीवर टांगली होती.

बाईंनी मुलाला स्पीकरवर फोन लावला. "तुमच्याकडे आत्ता किती वाजलेत?"

त्यानं सांगितलं. 'बाळ' घड्याळ अगदी तेच दाखवत होतं.

"आजच आमच्याकडे घड्याळं तासभर मागे गेली," तो म्हणाला. "हिवाळ्याआधी सगळा देशच मागे घेतो. तास बदलल्याशिवाय आई माझ्या वेळेच्या घड्याळाला हात लावायची नाही. म्हणायची, तुझी वेळ मी आधीच कशाला बदलू?"

"तास बदलला तेव्हा इथे कुठली वेळ होती?"

"माझ्याकडे मध्यरात्र उलटली होती. सूर्य आमच्याकडे उशिरा पोचतो. म्हणजे तुमच्याकडे दुपार."

फौजदारबाई सावकाश वळल्या. "मेलेल्या बाईनं दुपारी घड्याळ कसं फिरवलं हो?"

व्यवस्थापकाचं बिस्किट चहात विरघळलं.

"मी सांगते. मावशी गेली तेव्हा त्या जिवंत होत्या. तुम्ही कुलूप लावलंत ते जिवंत बाईवर. दुपारी त्या स्टुलावर चढल्या, लेकाचा तास मागे घेतला आणि पडल्या. मेलेल्या मांडीला अशी सूज येत नाही. त्या हाका मारत राहिल्या असतील. दिवसपाळीची माणसं कुठं होती?"

"या साहेबांच्याच घरी," मावशीच बोलली. "पाहुण्यांची भांडी घासायला. दर रविवारी सगळ्या म्हाताऱ्यांना असंच कोंडून दिवसपाळीच्या माणसांना नेतात."

"मी आलो तेव्हा संपलंच होतं हो!" व्यवस्थापक किंचाळला. "नुसतं उचलून पलंगावर ठेवलं. घरी पाहुणे असताना माणूस काय करणार?"

बाईंनी बाहेर थांबलेल्या हवालदाराला आत बोलावलं. "मावशी, तुम्ही सुटलात. हवालदार, याला बेड्या घाला."

फोन चालूच होता. "काका," मुलाचा आवाज आला, "तुम्ही तर म्हणालात, झोपेत गेली."

"हो रे बाळा," व्यवस्थापक फोनकडे झुकला. आवाज एकदम लोण्यासारखा. "अगदी शांतपणे, हसतमुखानं..."

मावशीनं फोन हिसकावला. "खोटं बोलतोय रे तो!"

फौजदारबाईंनी तिला अडवलं नाही.